अर्ध्यावर राहिलेला जमाखर्च



कामगार चळवळीतील माणसाला वसंत व्याख्यानमालेत बोलावले म्हणजे त्याने संप, टाळेबंदी आणि मोर्चे यांच्या हकिकती सांगाव्यात, अशी श्रोत्यांची साहजिक अपेक्षा असते. आज आम्ही त्यांपैकी काही सांगणार नाही. वरवर किरकोळ वाटणाऱ्या एका गोष्टीविषयी बोलणार आहोत. सरकारी पाहणीचा माणूस दारात येतो आणि ‘महिन्याला तेल किती लागते, ज्वारी किती लागते, साबण किती लागतो’ असे विचारू लागतो. घरची माणसे थोडा वेळ उत्तरे देतात. मग कोणी कंटाळतो, कोणी लाजतो, कोणाला संशय येतो, तर कोणी पोटामागे गावच सोडतो, आणि तक्ता अर्धा भरलेला राहतो. अहवाल छापले जातात ते पुऱ्या झालेल्या तक्त्यांचे. अर्ध्यावर सुटलेल्या माणसांसाठी फार तर एक आकडा असतो, तोही शेवटच्या पानावर.

आमची शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण झाले ते युनियनच्या कचेरीतील जुन्या ‘लेबर गॅझेट’च्या गठ्ठ्यांवर. तेव्हा विद्वानांच्या पद्धतीने विषय मांडणे आम्हांस जमणार नाही. परंतु हा विषय आमच्या पोटाशी आलेला आहे, एवढे सांगून सुरुवात करतो.

पोटाशी आला तो असा. महागाई भत्ता राहणीखर्चाच्या निर्देशांकावर ठरतो. निर्देशांकात ज्वारीला किती वजन द्यावयाचे, घरभाड्याला किती, औषधपाण्याला किती, हे ठरते कुटुंबांच्या खर्चाच्या पाहणीवरून. म्हणजे कोणत्या तरी गावी, कोणत्या तरी चाळीत, एखाद्या बाईने अन्वेषकाला जे सांगितले किंवा सांगण्याचे टाळले, त्यावर हजारो कामगारांच्या पाकिटातील रक्कम ठरत असते.

आपल्याकडे या हिशेबाची जुनी परंपरा आहे. १८७६ साली दादाभाई नौरोजींनी हिंदुस्थानच्या दारिद्र्यावरील आपल्या निबंधात तुरुंगातील कैद्याच्या अन्नवस्त्राचा खर्च काढला आणि देशातील दरडोई उत्पन्न त्याच्या शेजारी मांडून दाखविले. त्यांच्याजवळ घराघरांचे तक्ते नव्हते, म्हणून त्यांनी तुरुंगाचा हिशेब घेतला. तिथला माणूस प्रश्न अर्ध्यावर टाकून उठून जात नाही! पुढे १९२१ साली मुंबई सरकारचे श्रम कार्यालय निघाले. १९१९ आणि १९२० सालच्या मोठ्या गिरणीसंपांनी सरकारला कामगाराच्या घरात डोकावणे भाग पाडले होते. फिंडले शिरास हे या कार्यालयाचे संचालक. त्यांच्या देखरेखीखाली मे १९२१ ते एप्रिल १९२२ या वर्षात मुंबईच्या कामगारवस्तीत पाहणी झाली आणि १९२३ साली तिचा अहवाल प्रसिद्ध झाला.

या अहवालात २,४७३ कुटुंबे आणि ६०३ एकटे राहणारे पुरुष आहेत. त्यातून जे निघाले ते आजही वाचताना अंगावर येते. शंभरातील सत्त्याण्णव कुटुंबे एका खोलीत राहत होती. खर्चाचा निम्म्याहून अधिक भाग, शेकडा ५६.८, अन्नावर जात होता. शेकडा ४७ कुटुंबांच्या डोक्यावर कर्ज होते. आणि निष्कर्ष काय? दुष्काळी कामावरील मजुराला सरकारी नियमाने जेवढे धान्य द्यावे, तेवढे मुंबईचा कामगार खातो. पण तुरुंगाच्या नियमावलीत कैद्याला जेवढे लिहून दिले आहे, तेवढे त्याला मिळत नाही. दादाभाईंनी कागदावर काढलेला हिशेब सरकारच्याच अहवालाने साडेचार दशकांनी पुन्हा मांडला.

एक गोष्ट येथे लक्षात ठेवावी. हे आकडे शेवटपर्यंत बसून राहिलेल्यांचे आहेत. कर्ज किती, व्याज किती, हे परक्या माणसापुढे सांगण्याइतकी ज्यांची हिंमत किंवा परिस्थिती शाबूत होती, त्यांचे. पठाणाच्या भीतीने खोली बदललेला, काम सुटल्यामुळे कोकणात परतलेला, नवरा दारात दिसताच ‘काही नाही, चौकशी होती’ म्हणून गप्प झालेल्या बाईचा संसार, यांपैकी कोणाचा हिशेब त्या छापील तक्त्यांत पुरा होणार? तळातील माणूस आधी गळतो. मागे राहिलेल्यांची सरासरी त्यामुळे थोडी वर चढते, आणि ती चढलेली सरासरीसुद्धा कैद्याच्या ताटाखाली होती.

विलायतेत त्याच सुमारास निराळी रीत होती. लंडनच्या लँबेथ भागात १९०९ ते १९१३ या काळात मॉड पेंबर रीव्हज आणि त्यांच्या फेबियन मैत्रिणी मजुरांच्या बायकांकडे दर आठवड्याला जात आणि त्या बायका आपला खर्च वहीत लिहून ठेवीत. ज्यांना लिहिता येत नव्हते त्या नवऱ्याला किंवा मुलांना सांगून लिहून घेत. मुंबईच्या चाळीत अक्षरओळख कमी, म्हणून तेथे अन्वेषकाने विचारावयाचे आणि त्यानेच लिहावयाचे, अशी पद्धत पडली. तीच आपल्याकडे बहुतांशी टिकली. ब्रिटनमध्ये १९५७ पासून कुटुंबखर्चाची कायम पाहणी सुरू झाली. तीत दोन आठवड्यांची वही असे. अशा वह्यांचा अनुभव साऱ्या जगात एकच आहे. पहिल्या आठवड्यात खर्च भरपूर लिहिला जातो, दुसऱ्या आठवड्यात तो उतरतो. भूक उतरत नाही, लिहिण्याची हौस उतरते.

आता आपल्या जालन्याकडे येऊ. ‘जालना, सोने का पालना’ अशी म्हण आपण अभिमानाने सांगतो. परंतु मुंबई सरकार कामगारांची घरे पाहत होते, १९२५ मध्ये सोलापूरच्या गिरणीकामगारांचे जमाखर्च गोळा करीत होते, तेव्हा जालना हा निजामाच्या राज्यातील औरंगाबाद जिल्ह्याचा एक तालुका होता. मुंबईचे श्रम कार्यालय इकडे येणार नव्हते. हैदराबाद संस्थानात १९२९-३० साली केशव अय्यंगार यांनी खेड्यांची आर्थिक पाहणी केली, तीत औरंगाबाद जिल्हा होता. पण तिचा रोख शेती आणि शेतकऱ्याचे कर्ज यांवर. जिनिंगमधील हमाल, मोंढ्यातील तोलारी यांच्या चुलीची वास्तपुस्त करण्याचे कोणास सुचले नाही. १९४८ मध्ये संस्थान मुक्त झाले, १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला, १ मे १९८१ रोजी जालना स्वतंत्र जिल्हा झाला. दरम्यान १९५८-५९ मध्ये केंद्र सरकारने ५० औद्योगिक केंद्रांत कामगार कुटुंबांची पाहणी केली. महाराष्ट्रात त्यासाठी मुंबई, सोलापूर आणि नागपूर निवडले गेले.

त्याच पाहणीवर १९६० च्या पायाचा निर्देशांक उभा राहिला आणि त्यावरून मुंबईत रण माजले. जुन्या निर्देशांकात भाव बरोबर पकडले जात नाहीत, नवा जुन्याला जोडताना कामगारांचे गुण बुडतात, अशी तक्रार होती. ऑगस्ट १९६३ मध्ये कॉम्रेड डांगे प्रभृतींच्या पुढाकाराने मुंबई बंद झाली. त्या बंदच्या मागण्यांत ही एक मोठी मागणी होती. राज्य सरकारला प्रा. लकडावाला यांची समिती नेमावी लागली. जोडणीचा गुणक दुरुस्त झाला आणि गिरणीकामगाराच्या भत्त्यात त्याचा फरक पडला. गणितातील एका चुकीसाठी अख्खे शहर रस्त्यावर येते, हे आम्हांस तरुणपणी प्रथम कळले तेव्हा त्या जुन्या गठ्ठ्यांचा आमचा कंटाळा पळाला.

देशभरची राष्ट्रीय नमुना पाहणी १९५० मध्ये सुरू झाली होती. तिच्या अनेक फेऱ्यांपैकी सत्ताविसावी फेरी आपल्यासाठी विशेष आहे. ती ऑक्टोबर १९७२ ते सप्टेंबर १९७३ या काळात झाली, आणि तिचा विषय होता कुटुंबाचा खर्च. हे वर्ष मराठवाड्यातील कोणास सांगावयास नको. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात पन्नास लाखांच्या घरात माणसे दुष्काळी कामांवर होती. आमचे वडील खडी फोडीत होते आणि आम्ही त्या खडीच्या ढिगाजवळ झोळीत होतो, असे आई सांगे. अमेरिकेचा लाल मिलो आणि सुकडी यांवर दिवस निघत होते. ज्या वर्षी माणसे घरी नव्हती, नेमके त्याच वर्षी ‘घरात काय खाता’ हे विचारणारी पाहणी निघाली होती.

पाहणीच्या नियमांत याची सोय असते. निवडलेले घर सापडले नाही तर त्याऐवजी दुसरे घर घ्यावयाचे आणि बदलीचे कारण अंकात लिहावयाचे. माहिती देणारा कामात आहे, घरची माणसे बाहेरगावी आहेत, सहकार्य करीत नाहीत, इतर. हे नियम करणारे लोक प्रामाणिक होते याविषयी आम्हांस शंका नाही. परंतु कुलूप लागलेल्या घराऐवजी उघडे घर घेतले, तर उघड्या घराचा खर्च कुलपामागील खर्चासारखा असेल हे धरून चालावे लागते. ज्याला गावात थांबणे परवडले त्याचे घर उघडे होते.

हे कुलूप त्याच दुष्काळापुरते राहिले नाही. अंबड, घनसावंगी, मंठा, परतूर या भागांतून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. उन्हाळ्यात ती परततात. ऑगस्ट २०२२ मध्ये सुरू झालेल्या खर्चपाहणीत पूर्वीची एकच बैठक मोडून तीन भेटी ठरविण्यात आल्या: अन्नाची एक, रोजच्या इतर वस्तू व सेवांची दुसरी, टिकाऊ वस्तूंची तिसरी, अशा तीन महिन्यांत तीन. कारण योग्य होते. २०११-१२ च्या पाहणीतील ३४७ बाबी आता ४०५ झाल्या होत्या आणि एका बैठकीत दोन-दोन तास उत्तरे देताना माणूस शेवटी ‘मागच्यासारखेच लिहा’ म्हणू लागतो. पण ऑगस्टमध्ये ज्या जोडप्याने पहिली भेट दिली, त्याच्या तिसऱ्या भेटीच्या वेळी ऑक्टोबर उजाडतो. कोयता धारेला लागलेला असतो. एका बैठकीचा कंटाळा टाळला, तर तीन भेटींत गाव सुटते. यावर तोड काय, ते विद्वानांनी सांगावे. आम्हांस दिसत नाही.

आतापर्यंत आम्ही सरकारच्या पाहण्यांविषयी बोललो. आता आमच्याच एका पाहणीची गोष्ट सांगतो, आणि ती आमच्या फजितीची आहे.

काही वर्षांपूर्वी येथील एका लोखंडी सळयांच्या कारखान्यात पगारवाढीची मागणी मांडावयाची होती. आम्ही ठरविले की नुसत्या घोषणा नकोत, आकडे द्यावेत. कामगारांच्या घरी शाळेच्या वह्या वाटल्या. रोजचा खर्च महिनाभर लिहा, म्हणून सांगितले. पहिला आठवडा सुंदर गेला. मुलामुलींच्या वळणदार अक्षरात तेल, साखर, चहापत्ती, मोबाईलचे रिचार्ज, दवाखाना. पगार सात तारखेला होत असे. पंधरा तारखेनंतर ओळी विरळ झाल्या आणि वीस तारखेच्या पुढे बहुतेक वह्या कोऱ्या! आम्ही संतापलो. ‘वर्गणीची पावती मागता, पण चार ओळी लिहायचा आळस,’ असे एका सभेत बोलूनही गेलो. तेव्हा मागे बसलेली एक बाई उठली आणि म्हणाली, “पैसेच सरले तं लिव्हावं काय, भाऊ?”

सभेत हशा झाला. आम्हांस मात्र आमची चूक तेथेच उमगली. आम्ही ‘खर्च लिहा’ म्हटले होते. खर्च म्हणजे हातातून गेलेला पैसा, असा तिचा सरळ अर्थ. वीस तारखेनंतर घरात धान्य येतच होते, पण ते उधारीवर. उरलेला महिना किराणा दुकानदाराच्या वहीत, त्याच्या अक्षरात लिहिलेला होता. आम्ही दोन दुकानदारांकडे गेलो. एकाने गिऱ्हाइकाचे खाते दाखविण्यास नकार दिला, आणि त्याचे बरोबरच होते.

इतर वह्या इतर कारणांनी थांबल्या. एका घरी बायको भिशीत पैसे टाकते हे वहीवरून नवऱ्याला कळले; दुसऱ्या दिवसापासून वही बंद. एका घरी ‘किरकोळ’ या नावाखाली रोज एक ठरलेली रक्कम होती. ते किरकोळ संध्याकाळी कोठे मिळते हे साऱ्या गल्लीला ठाऊक होते. मुलीने त्याचा खुलासा लिहावा की लिहू नये यावरून बापलेकीत वाद झाला आणि वही चुलीत गेली. बिहार-उत्तर प्रदेशातून आलेले भट्टीवरील तरुण खोलीत आठ-आठ जण राहत. त्यांच्यापैकी एकाने तर पहिल्याच दिवशी विचारले की हा कागद ठेकेदाराला दाखविणार नाही ना? शंभर वर्षांपूर्वीच्या त्या ६०३ एकट्या पुरुषांचे हे भाऊबंद.

मग आम्ही काय केले? जे सारे करतात तेच. अर्धवट वह्या बाजूला काढल्या, पुऱ्या झालेल्या ठेवल्या, बेरजा केल्या आणि निवेदनाला जोडल्या. बोलणी सुरू झाली तेव्हा मालकांच्या बाजूच्या गृहस्थांनी आमचेच कागद आमच्यापुढे सरकविले. ते म्हणाले, “तुमच्या हिशेबाने तर घर भागते आहे, साहेब. थोडी शिल्लकही दिसते.” त्यांचे गणित चुकले नव्हते. वही शेवटपर्यंत लिहिणारी घरे कोणती, हे आम्ही तोवर पाहिलेच नव्हते. बायको शिवणकाम करते, थोरला मुलगा दुकानात आहे, शेताचा तुकडा आहे, अशी ती घरे. ज्यांच्यासाठी मागणी होती त्यांच्या वह्या आमच्या कचेरीतून रद्दीत गेल्या होत्या. मिळालेली वाढ मागणीच्या निम्मीही नव्हती. त्या वर्षी युनियनमध्ये आमच्यावर टीका झाली. ती आम्ही मुकाट्याने ऐकली.

तेव्हापासून सरकारी आकडे वाचताना आमची नजर बदलली. औद्योगिक कामगारांच्या निर्देशांकात अन्नाचे वजन १९८२ च्या मालेत ५७ होते, २००१ च्या मालेत ४६.२० झाले, २०१६ च्या मालेत ३९.१७. अन्न दहा टक्क्यांनी महागले आणि बाकी सारे स्थिर राहिले, तर पहिल्या मालेत निर्देशांक ५.७ टक्के चढेल, शेवटच्या मालेत ३.९. ही घट खोटी आहे असे आमचे म्हणणे नाही. एर्न्स्ट एंगेल या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने १८५७ मध्येच दाखविले की मिळकत वाढली म्हणजे अन्नाचा वाटा घटतो. शाळेची फी, भाडे, पेट्रोल, मोबाईल, हे खर्च आमच्याही घरांत शिरले आहेत. पण या घटीतील किती वाटा सुबत्तेचा आणि किती शेवटपर्यंत बसून राहणाऱ्या घरांचा, हे विचारण्याचा हक्क कामगाराला आहे. २०१६ च्या मालेसाठी ८८ केंद्रांत ४८,३८४ कुटुंबे घेतली. महाराष्ट्रातील केंद्रे मुंबई, ठाणे, पुणे, नाशिक, नागपूर, सोलापूर. त्यांत जालना नव्हते. देशाच्या ग्राहक निर्देशांकाची २०१५ पासूनची माला जुलै २०११ ते जून २०१२ च्या खर्चावर बेतलेली होती, आणि पुढच्याच उन्हाळ्यात, २०१३ मध्ये, हे शहर टँकरचे पाणी विकत घेत होते. त्या पाण्याची पावती कोणत्या तक्त्यात लागली असती?

श्रीमंतही पाहणी सोडतात, हे न्यायाच्या दृष्टीने सांगितले पाहिजे. त्यांना सोडावी लागत नाही. फाटकावरचा रखवालदारच ती सोडवितो. म्हणून २०२२-२३ च्या पाहणीत शहरी घरांचे गट चारचाकीवरून पाडले: दहा लाखांहून महाग गाडी असलेली घरे, त्याहून स्वस्त गाडीची घरे, आणि गाडी नसलेली. देशभरात २,६१,७४६ घरे पाहिली गेली. शहरी माणसाचा दरमहा सरासरी खर्च ६,४५९ रुपये निघाला, ग्रामीण माणसाचा ३,७७३. पाच माणसांच्या शहरी घराला बत्तीस हजारांवर. हे आम्ही एका पाळीच्या बैठकीत वाचून दाखविले तेव्हा एक भट्टीवाला म्हणाला, “त्या घरचा पत्ता द्या, पाहुणा म्हणून जातो.”

सरकारनेही एकदा असेच केले. २०१७-१८ ची पाहणी पुरी झाली, लोकांनी तासन् तास उत्तरे दिली, आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये मंत्रालयाने जाहीर केले की माहितीच्या दर्जाविषयी शंका असल्यामुळे निकाल प्रसिद्ध होणार नाहीत. ज्यांनी आपली चूल उघडी करून दाखविली त्यांना हे कोणी सांगावयास गेले नाही.

आता शेवटचे, आणि हे सांगावे की न सांगावे याचा आम्ही बराच विचार केला. असाच एक अन्वेषक आमच्याही घरी आला होता. तरुण, हातात टॅबलेट, उन्हातून आलेला. आम्ही त्याला मोठ्या उत्साहाने बसविले. निर्देशांकाचा इतिहास त्यालाच सांगितला. पहिली भेट नीट झाली, दुसरी आमच्या घरच्यांनी दिली. तिसऱ्या भेटीत टिकाऊ वस्तू. पंखा, सायकल, भांडी. आणि मग त्याने विचारले, वर्षभरात सोन्याचा काही दागिना घेतला का? घरात शांतता झाली. त्या वर्षी युनियनचे काम वाढले होते आणि आमचे मानधन थकले होते. घरच्यांच्या पाटल्या गहाण होत्या. त्याने गहाणाचे विचारलेच नव्हते, खरेदीचे विचारले होते. ‘नाही’ एवढे एक उत्तर पुरे होते. पण घरच्या उठून आत गेल्या, आणि आम्ही, ज्यांनी चाळीस घरी वह्या वाटल्या होत्या, त्या मुलाला म्हणालो की आता वेळ नाही, पुन्हा कधी तरी या.

तो आणखी दोनदा येऊन गेला. आम्ही सापडलो नाही. पुढे एकदा मोंढ्यात गाठ पडली तेव्हा आम्ही त्याला विचारले की आमच्या नावापुढे काय लिहिले. तो संकोचला आणि म्हणाला, “कामात आहेत असं लिहिलं, काका.”

आम्ही त्याला तसेच राहू दे म्हणालो.